एम.बी.ए.ची मुलं वर्गाबाहेर का जातात?



एम.बी.ए. म्हणजे धंदा कसा चालवायचा याचं कॉलेजातलं शिक्षण. आपल्या संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही ते मिळतं. पण नुसती पुस्तकं वाचून धंदा येत नाही. विहिरीत उतरल्याशिवाय पोहता येतं का? म्हणून या मुलांना शिकता शिकता काही आठवडे प्रत्यक्ष कामावर पाठवतात. मुंबईची एस. पी. जैन व्यवस्थापन संस्था तर विद्यार्थ्यांना सामाजिक संस्थांमध्ये, खेड्यापाड्यांत पाठवते.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकाही करूनच शिकल्या. त्यांच्या बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या अक्षरं शिकल्या, परत गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवला. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे माणदेशीने बायकांसाठी धंद्याची शाळा काढली. ती बसमधून गावोगावी जाते.

आता आपलं बघू. आपण प्रशिक्षणं घेतो, प्रमाणपत्रं मिळतात, पण हातात पैसा किती उरतो?

समजा, चौघींनी एका दिवसात १० किलो पापड केले.
डाळ, मसाला, तेल – १८०० रुपये
पिशव्या – २०० रुपये
रिक्षा – १०० रुपये
खर्च झाला २१०० रुपये. २८० रुपये किलोने विकले, आले २८०० रुपये. ७०० उरले म्हणून आपण खूश!

पण चौघींची मजुरी कुठे गेली? दिवसाला ३०० धरले तर १२०० होतात. म्हणजे खरा खर्च ३३०० रुपये, आणि तोटा ५०० रुपये. प्रत्येकीच्या वाट्याला आले फक्त १७५. रानात खुरपायला गेलो असतो तर जास्त मिळाले असते.

आपली मजुरी वहीत लिहिली तरच हे दिसतं. मग ठरवता येतं : भाव निदान ३३० करायचा, की तेवढ्याच वेळात जास्त पापड करायचे, की माल घाऊक घ्यायचा.

बिडकीनला औद्योगिक वसाहत होतेय, नवं गिऱ्हाईक येईल. भाव सांगायची वेळ आली की हा हिशेब तोंडपाठ पाहिजे.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या एका वस्तूचा असा हिशेब मांडावा. कॉलेजची मुलं गावात आली तर नुसता फोटो काढून पाठवू नका. त्यांना वही दाखवा, सोबत बसवा. तीही शिकतील, आपणही शिकू.

– तुमची क्षेत्र समन्वयक, बिडकीन