पडद्यावरची वैद्यकी आणि विद्यार्थ्यांवरील ताण

‘ताण’ हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तो यंत्रमागाच्या शेडमध्ये. ताण्याचे सूत फार ओढले गेले म्हणजे तुटते. सूत वरचेवर तुटू लागले तर जाणता कामगार आधी माग तपासतो. माणसाचे मन खचले म्हणजे मात्र आपण माणसालाच तपासायला लागतो! २०२० व २०२१ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत हेच झाले. घरी बसून, आईच्या हातचे खाऊन शिकायचे. त्यात ताण कसला, असा प्रश्न शहाणी मंडळीही विचारीत होती.

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला कामगारांच्या एका अभ्यासात सापडते. १९७९ साली रॉबर्ट कारासेक या अमेरिकन संशोधकाने अमेरिका व स्वीडनमधील कामगारांच्या पाहण्यांवरून असे मांडले की, काम जड आहे एवढ्यानेच माणूस खचत नाही. काम जड, आणि ते कसे करावे यावर आपला ताबा नाही, अशी जोडी जमली म्हणजे खचतो. पुढे इतरांनी त्यात तिसरी गोष्ट घातली, ती सोबत्यांच्या आधाराची.

आता हे माप विद्यार्थ्याला लावून पाहू. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, वसतिगृहे रिकामी झाली आणि व्याख्याने मोबाइलवर आली. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षाची आंतरवासिता हा बोजा होता तेवढाच राहिला. ताबा मात्र गेला. पदवी झालेल्यांची गत पाहा. पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा १८ एप्रिल २०२१ ला व्हायची होती. ती पुढे ढकलल्याचे १५ एप्रिलला, म्हणजे अवघे तीन दिवस आधी कळले. अखेर ती झाली ११ सप्टेंबरला. ढकलण्याला कारण होते, हे कोण नाकारील? परंतु पुस्तक मिटताही येत नाही आणि परीक्षाही येत नाही, असे पाच महिने काढणे सोपे नव्हे.

याहून मोठी गोष्ट हाताची. वैद्यकी ही विद्या खरी, पण निम्मी कारागिरी आहे. यकृत वाढले आहे की नाही हे पोटावर हात ठेवून, रोग्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगून, बोटांना कळावे लागते. छातीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकतात. आत हवा असेल तर आवाज पोकळ येतो, पाणी साचले असेल तर बद्द येतो. हा फरक पडद्यावर ऐकवता येईल, पण बोटात उतरवता येत नाही. शवविच्छेदनाचेही तेच. नवा विणकर जुन्याच्या शेजारी उभा राहून गाठ मारायला शिकतो. चित्र पाहून शिकलेला आम्ही तरी पाहिला नाही.

आमच्या एका सभासदाची मुलगी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. एका खोलीत पाच माणसे, मोबाइल एक, आणि रेंज दाराबाहेर. तरीही तिची तक्रार या गैरसोयीची नव्हती. ती म्हणे, “काका, मी पास होईन, पण पुढे माझ्या हातून पेशंट दगावला तर?” या भीतीला आळस किंवा नाजूकपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ही कामाविषयीच्या जबाबदारीची भीती होती.

आणि ती पोकळही नव्हती. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने ठरवले की, आंतरवासितांना शिक्षकांच्या देखरेखीखाली कोविडच्या कामावर घ्यावे, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे व सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्याचे काम घ्यावे. ज्यांचे वॉर्ड बंद पडले होते, त्यांनाच ऐन लाटेत हाक आली.

पडद्याचा उपयोग नव्हता असे आम्ही म्हणत नाही. नोंदवून ठेवलेले व्याख्यान पुन्हा ऐकता येते, ही मोठीच सोय. पण व्याख्यान संपले की खोलीत आपण एकटे. मेसमध्ये “मलाही काही कळले नाही रे” असे म्हणणारा कोणी भेटला की निम्मे ओझे उतरते. तो सोबती टाळेबंदीत दुरावला. सगळ्यांचे गाऱ्हाणे एकच आहे हे कळायलाही माणसे एकत्र यावी लागतात.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारने टेली-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर फोन करून कोणालाही मन मोकळे करता येते. विद्यार्थ्यांनी तिचा संकोच न करता लाभ घ्यावा. मात्र बुडालेले वॉर्डातले दिवस भरून मागायचे, तर अर्ज महाविद्यालयाकडेच करावा लागतो, आणि तो चौघांनी मिळून केलेला बरा.