सुतारकामाचे पहिले वर्ष

हस्तव्यवसायाच्या प्रदर्शनात मांडलेले एखादे सुबक स्टूल पाहून पाहुणे कौतुक करतात, तेव्हा ते नेमके कोणाच्या हातचे आहे हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मुंबईच्या उपनगरात, मुलुंडकडील एका माध्यमिक शाळेत मी सुतारकाम शिकवावयास लागलो त्या पहिल्याच वर्षी आठवीच्या बत्तीस मुलांना एकदम स्टूल करावयास दिले. चारही पाय जमिनीला टेकतील असे एकही स्टूल तयार झाले नाही. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी एका मिस्त्रीला बोलावून आठ स्टुले नीट करून घेतली. शाळेला पारितोषिक मिळाले. परंतु दुसऱ्या दिवशी एका मुलाला त्या रांगेतले आपले स्टूल ओळखता आले नाही. ही कबुली प्रथमच देऊन ठेवतो, कारण पुढील सर्व विवेचन त्या चुकीतून निघालेले आहे. नवशिक्याला अशी वस्तू द्यावी, की जी तो आरंभापासून अखेरपर्यंत स्वतःच्या हाताने पुरी करू शकेल. वस्तूची निवड चुकली की शिक्षकाला खोटे काम करावे लागते.

हा प्रश्न नवा नाही. फिनलंडमध्ये १८६६ साली खेड्यांतील शाळांत मुलांसाठी हस्तव्यवसाय आवश्यक ठरविण्यात आला. पुढे स्वीडनमधील नेस येथे ऑटो सालोमन यांनी शिक्षकांसाठी वर्ग चालविले. मुलाने पहिल्यापासूनच घरात उपयोगी पडेल अशी लहानशी वस्तू करावी आणि प्रत्येक वस्तू मागील वस्तूपेक्षा थोडी अवघड असावी, असे त्यांचे म्हणणे. याच सुमारास मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयात डेला-व्होस यांनी निराळी रीत घातली: वस्तू करावयाचीच नाही, केवळ कापणे, रंधणे, सांधा बसविणे यांचे सराव करावयाचे. कारखान्यात जाणाऱ्या तरुणास ही दुसरी रीत मानवते. तेरा वर्षांच्या मुलास मात्र चाळीस तुकडे कापून ते टाकून द्या असे सांगितले, तर तो लाकूड व उत्साह दोन्ही वाया घालवतो. आपल्या शाळांना पहिलीच रीत योग्य होय.

आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगांत सुतारकामाचा समावेश केला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काम करावे, असे सुचविले आहे. धोरणे पुष्कळ झाली. शाळेत काम कसे उभे राहते हे पाहावयाचे असेल, तर डॉ. श्रीनाथ कलबाग यांचे उदाहरण घ्यावे. अंधेरी येथील हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील आपले काम सोडून ते १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी गेले व त्यांनी तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस हाताने काम करतात. कर्मशाळेबरोबर शेती, ऊर्जा, गृह व आरोग्य हेही विषय त्यात आहेत. त्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही, की मुलांच्या कामात गावाला लागणाऱ्या सेवेचाही अंतर्भाव असतो. त्यामुळे काम तपासणारा परीक्षक शाळेबाहेरचा असतो, आणि मोडलेले बाक नीट दुरुस्त झाले की नाही हे त्यावर बसणाराच सांगतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बत्तीस मुलांना एकाच वेळी हत्यारे देऊ नयेत. आठ-आठांचे गट करावेत. एक गट कामावर, बाकीचे मापे व आकृत्या वहीत काढीत बसलेले. आठ मुलांना चार करवती, चार गुण्या, चार पटाश्या, दोन रंधे, दोन हातोड्या व एक गिरमिट पुरते. महागडे सुतारी टेबल नसले तरी अडत नाही. हातभर फळीच्या एका टोकाला खालच्या अंगाने व दुसऱ्या टोकाला वरच्या अंगाने एकेक पट्टी ठोकावी. खालची पट्टी वर्गातील टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला टेकवून मुलाला लाकूड एका हाताने घट्ट धरता येते.

लाकडासाठी खर्च करण्यापूर्वी आसपास पाहावे. उपनगरात जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात मोडीचे सागवान मिळते; खेड्यात पाडलेल्या घराचे वासे, आंब्याच्या फळ्या, मालाची खोकी मिळतात. मोडीच्या लाकडावरून प्रथम लोहचुंबक फिरवावा. लपलेला खिळा रंध्याचे पाते एका क्षणात निकामी करतो, आणि मुलांना चुंबकाचा पाठही मिळतो. परदेशाहून आलेल्या खोक्यांवर शिक्का असतो: त्यात एच-टी ही अक्षरे असल्यास लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले आहे असे समजावे, एम-बी असल्यास विषारी वायू वापरलेला आहे, ते शाळेत आणू नये.

पहिली वस्तू म्हणजे शाळेच्या बागेतील रोपांची नावे लिहावयाची पाटी. वीतभर लांब, दोन बोटे रुंद, एका टोकास निमुळती. यात शिकावयाचे ते एवढेच, की रेघ कशी आखावी व रेघेवर कसे कापावे. नवशिका मूल जाड पेन्सिलीने रेघ ओढते आणि रेघेच्या मधोमध करवत चालविते. करवतीचे दात आलटून-पालटून दोन्ही बाजूंना किंचित वाकवलेले असतात. म्हणून तिची वाट पात्याच्या जाडीपेक्षा रुंद होते. ती वाट टाकाऊ बाजूस पडली पाहिजे व रेघ आपल्या तुकड्यावर शिल्लक राहिली पाहिजे. मुलांना मी 'रेघ राखा' एवढेच सांगत असे. बाजारातील करवत बहुधा पुढे ढकलताना कापते. सबब आरंभी दोन-तीनदा हळूच मागे ओढून खाच पाडावी व मग लांब, संथ हात चालवावा. जोर केला की पाते वाकते. कापलेल्या टोकास गुण्या लावून उजेडाकडे धरावे. फटीतून प्रकाश दिसला तर काप तिरका. येथे गुरुजींना काहीच बोलावे लागत नाही.

दुसरी वस्तू गरम पातेले ठेवण्याची फुलीच्या आकाराची अडणी. दोन सारख्या पट्ट्या, प्रत्येकीत मधोमध अर्ध्या जाडीची खाच. एकीत दुसरी बसवावयाची. पट्टीची रुंदी फळीवर ठेवूनच आखावी, मोजपट्टीने मोजू नये. पटाशी प्रथम येथे हातात येते, म्हणून नियम कडक: लाकूड टेबलास जखडलेले, दोन्ही हात धारेच्या मागे, समोर कोणीही नाही. आपल्या अनुभवी वाचकांना सांगावयास नको, की बोथट पटाशी धारदार पटाशीहून अधिक धोक्याची. ती जोर मागते आणि जोर लावला की निसटते. खाच ढिली झाली तर खिळा मारून झाकू देऊ नये. दुसरी पट्टी द्यावी.

तिसरे खुंटाळे. याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. गिरमिटाने भोक सरळ पाडणे एवढाच नवा धडा, आणि वर्गात दप्तरे टांगण्याची सोय होते.

वर्षाचे खरे काम म्हणजे पाट. त्याची निवड करताना माझ्या मनात पावसाळा होता. जुलैत वर्गाचे दार का अडकते आणि उन्हाळ्यात का सैल होते, हे मुलांना विचारावे. लाकूड हवेतील दमट शोषून फुगते. परंतु ते रेष्यांच्या आडवे, म्हणजे रुंदीत, फुगते. लांबीत जवळजवळ काहीच बदल होत नाही. आंब्याची वीतभर रुंदीची एक फळी वर्गात टांगून ठेवावी व मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये तिची रुंदी मोजावी. आमच्या फळीत दोन-तीन मिलिमीटरांचा फरक पडे. आता पाटाखालच्या आडव्या पट्ट्यांचा विचार करा. पट्टीचे रेषे फळीच्या रेष्यांना काटकोनात, म्हणून फळी रुंदीत फुगते-आटते आणि पट्टी जागची हलत नाही. दोन्ही टोकांस पक्के खिळे ठोकले, तर आटणाऱ्या फळीस वाव राहत नाही व ती मधोमध तडकते. घरोघरी चिरलेले पाट दिसतात त्याचे एक कारण हे. उपाय सोपा: पट्टी मधोमध एका स्क्रूने पक्की करावी, टोकांकडील स्क्रूंसाठी पट्टीत भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने थोडी लांबट करावीत, म्हणजे फळीला सरकता येईल. पट्टीला पूर्ण लांबीभर फेव्हिकॉल लावण्याचा मोह टाळावा. १९५९ साली बाजारात आलेल्या या पांढऱ्या चिकटद्रव्याने सरस वितळविण्याचा सुतारांचा खटाटोप थांबविला हे खरे, पण येथे ते नेमके नको ते काम करते.

फळी रंधताना रेषे कोणत्या बाजूला पृष्ठभागाकडे चढतात ते कडेवरून पाहावे. त्या दिशेने रंधा गुळगुळीत चालतो, उलट दिशेने लाकूड उचकटते. मांजराच्या पाठीवरून हात फिरविण्याचे उदाहरण दिले तर लहान मूलही समजते.

वर्गात सुताराच्या घरचे मूल असेल तर ते या तासाला सर्वांच्या पुढे असते; त्याला एका गटाचा प्रमुख नेमावे. पूर्वी मुलांना सुतारकाम व मुलींना शिवण अशी वाटणी असे. माझ्या वर्गात रेघ राखण्यात मुलीच अधिक काटेकोर निघाल्या, हे नमूद करतो.

प्रत्येक वस्तूच्या खालच्या अंगास करणाऱ्याचे नाव व तारीख पेन्सिलीने लिहून घ्यावी आणि प्रदर्शनात ती चुकीसकट मांडावी. दुसऱ्या वर्षी आमच्या मेजावर सव्वीस पाट होते. त्यांपैकी पाच डगमगत होते, दोघांच्या पट्ट्या तिरक्या होत्या. पारितोषिक मिळाले नाही. सायंकाळी मुले आपापला पाट उलटा करून नाव पाहत आणि बगलेत मारून घरी नेत होती.

पावसाळ्याच्या आरंभी रंध्यांची व पटाश्यांची पाती पुसून त्यांवर मशीनचे तेल लावून ठेवावे. जूनमध्ये हे राहून गेले तर दिवाळीनंतरचा पहिला आठवडा गंज काढण्यातच जातो.