पडवीतली जुनी फटफटी



खेड्यापाड्यांतून हिंडताना कित्येक घरांच्या पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला एखादी जुनी फटफटी उभी दिसते. अंगावर कडब्याची धूळ, टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांनी केलेले बिऱ्हाड. पुष्कळदा ती राजदूत असते. पोलंडमधल्या एका गाडीच्या नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने 1960 नंतरच्या दशकात ती आपल्याकडे बनवायला घेतली, आणि दुधाचे कॅन वाहत तिने खेड्यांची मोठी चाकरी केली. नव्या राजदूत बनणे केव्हाच थांबले आहे. पण घरातला मुलगा म्हणतो, “मी ही चालू करून दाखवतो.” त्याला जरूर करू द्यावे. तिचे इंजिन दोन फेरांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, फिरणारे भाग थोडे. शिकायला यंत्र सोपे आहे.

मात्र एक गोष्ट सांभाळली पाहिजे. पुष्कळ जण पहिल्याच रविवारी पाना घेऊन सगळी गाडी सुटी करतात. दिवाळीपर्यंत तिचे भाग तीन पोत्यांत जातात आणि शेवटी वजनावर भंगारात. म्हणून खोलण्याआधी तिला विचारा, “बाई, तू का बंद पडलीस?”

त्याच्याही आधी कागद बघा. नोंदणीचे पुस्तक आहे का? त्यावरचे चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का? नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर आरटीओ कार्यालयात आधी चौकशी करा. कागद नसलेली गाडी विकत तर घेऊच नका.

आता इंजिन. किक दाबून पाहा. हलत नसेल तर पिस्टन चिकटला आहे. किकवर उभे राहून उड्या मारू नका. प्लग काढा, त्या भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा आणि चार दिवस वाट बघा. मग गाडी गिअरमध्ये घालून मागचे चाक हळूहळू पुढेमागे हलवा. पुष्कळदा एवढ्याने पिस्टन सुटतो. नाहीच सुटला, तर जाणत्या मिस्त्रीला बोलवा.

इंजिन फिरू लागले की तीन गोष्टी तपासायच्या: ठिणगी, पेट्रोल आणि हवा. काढलेला प्लग टोपीत घालून त्याचे धातूचे अंग इंजिनला टेकवा आणि किक मारा. मात्र प्लगच्या भोकापासून दूर, आणि जवळपास पेट्रोल नको. ठसठशीत निळी ठिणगी पडली तर ठीक. नाही पडली तर प्लग बदलून पाहा, पॉईंट साफ करा. पडून राहिल्याने त्यांच्यावर पापुद्रा चढतो.

पेट्रोलचा दोष तर जुन्या गाडीत हमखास सापडतो. वर्षानुवर्षे साचलेले पेट्रोल आटून त्याचा राळेसारखा चिकटा होतो आणि कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजतात. ती तारेने कोरू नका, भोक मोठे होते. साफ करायच्या द्रावणाने धुऊन वाऱ्याने फुंका. टाकीतले जुने पेट्रोल ओतून द्या. गळकी टाकी वेल्डिंगला मात्र तशीच कधीही नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. तिचा स्फोट होतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये उसापासून व धान्यापासून केलेले इथेनॉल मिसळलेले असते. ते पाणी ओढते आणि जुने रबर खराब करते. म्हणून नळी नवी घाला आणि पेट्रोल भरून गाडी महिनोन्‌महिने ठेवू नका. हवेची जाळीही साफ करा.

दोन फेरांच्या इंजिनात पेट्रोलबरोबर तेल का घालतात? या इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी खालच्या पेटीत जातात, मग वर. खालच्या बेअरिंगना वंगण मिळते ते त्या पेट्रोलमधल्या तेलाचेच. तेल विसरलात तर इंजिन जागच्या जागी धरते. प्रमाण गाडीच्या पुस्तकात पाहून मापाने घाला, अंदाजाने नको.

इंजिन धडधडले की मुलगा लगेच रस्त्यावर निघतो. त्याला थांबवा. आधी ब्रेक, टायर, चेन आणि दिवा. तडे गेलेला टायर नक्षी शाबूत असली तरी फेकून द्या. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

शिक्षक मित्रहो, ज्वलनाचा धडा या फटफटीपाशी फार छान शिकवता येतो. मुलांना एक वही घालून द्या: आज काय पाहिले, काय बदलले, त्याने काय फरक पडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्यायचा आणि नट-बोल्ट चिठ्ठी लावलेल्या डबीत ठेवायचे.

येत्या सुट्टीत पडवीतली ती गाडी उजेडात आणा, धूळ झाडा, कागद शोधा आणि नुसती किक दाबून पाहा. पहिल्या दिवशी एवढेच काम पुरे.