दोन टोकांची लेखणी

लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात बेगम बाजारात शिरलं की आधी डोळ्यांत भरतं ते पितळ. समया, घंगाळी, तांब्ये, पंचपात्र्या; सगळं डझनाच्या हिशेबात. मग सुक्या मेव्याची पोती, प्लॅस्टिकचे ढीग आणि हातगाड्यांची कोंडी. दुसऱ्या निजामाची, म्हणजे 1762 ते 1803 या काळात राज्य केलेल्या निजाम अली खानाची बेगम हमदा हिने मुसी नदीच्या उत्तरेची ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि बाजार तिच्याच नावाने वसला. हैदराबादची घाऊक खरेदी आजही प्रामुख्याने इथेच होते.

लेखनसाहित्याची घाऊक दुकानंही इथे आहेत. लाल कापडी बांधणीच्या वह्या, पावतीपुस्तकं, कार्बनचे गठ्ठे आणि खोक्यांत भरलेली पेनं. दिवाळीत मारवाडी-गुजराती पेढ्यांवर चोपडापूजन असतं, आपल्याकडे वहीपूजन. पाटावर नवी वही, तिच्यावर हळदकुंकू, शेजारी लेखणी. अलीकडे त्याच पाटावर लॅपटॉप आणि मोबाइलही मांडतात, आणि मला ते मनापासून पटतं. ज्याच्यावर हिशेब चालतो त्याची पूजा व्हायलाच हवी.

गल्ल्यावर बसणाऱ्याचे हात दिवसभर पाहावेत. पावतीपुस्तकात खाली कार्बन असतो, तेव्हा दाबून लिहावं लागतं. तिथे शाईचं पेन चालत नाही, बॉलपेनच लागतं. पावती फाडली की तोच हात फोनवर जातो, पैसे आले का ते बघायला, मालाचा फोटो पाठवायला. बोटांना कधी बदामाचं तेल, कधी हळदीची पूड. अशा माणसासाठी एका टोकाला शाई आणि दुसऱ्या टोकाला काच चालवणारी मऊ गोळी असलेलं पेन म्हणजे नुसती चैन नव्हे. पण या पेनाचं नशीब असं, की ते बहुतेक वेळा कंपनीचं नाव छापून फुकट वाटलं जातं. फुकटची वस्तू कोणी निरखून बघत नाही. मला वाटतं, ती निरखून बघण्याजोगी आहे.

आधी काच कशी चालते ते पाहू. बोटाच्या स्पर्शाने, म्हणजे विद्युतभारातल्या फरकाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना इंग्लंडमधल्या माल्व्हर्न इथल्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्ये मांडली. आजच्या फोनमध्ये काचेखाली इंडियम-टिन ऑक्साइडच्या पारदर्शक रेघांची उभी-आडवी जाळी असते. तिच्यातून बारीकसा विद्युतसंदेश सतत फिरत असतो. बोट टेकलं की आपलं शरीर त्यातला किंचितसा भार ओढून घेतं, आणि कुठे किती ओढला गेला यावरून आतली चिप बोटाची जागा काढते. त्याआधीच्या पडद्यांना दाब लागायचा. 1996 चा पाम पायलट कुठल्याही टोकदार काडीने चालायचा. 2007 मध्ये आयफोन आला, बोटाचा जमाना सुरू झाला आणि काडी मागे पडली.

आता पेनाच्या टोकाला रबराची एवढी जाड गोळी का, ते कळेल. चिप बोटाएवढा स्पर्श शोधत असते. फार बारीक टोक लागलं तर ती ते मोजतच नाही. म्हणून गोळी साधारण पाच-सहा मिलिमीटर रुंद ठेवतात आणि रबरात कार्बन मिसळून ते विद्युतवाहक करतात. पण गोळी एकटी काही करत नाही. तिच्यापासून हातापर्यंत वाट हवी, आणि ती वाट म्हणजे पेनाचं अंग. इथे पितळ पुन्हा भेटतं. धातूच्या चांगल्या पेनांचं अंग बहुधा पितळेचं असतं, वर लॅकरचा थर किंवा मुलामा. लॅकरने अडत नाही. थर पातळ असतो आणि उलटसुलट फिरणारा संदेश त्यातून पार होतो. अंग निव्वळ प्लॅस्टिकचं असेल तर मात्र गोळी काचेवर कितीही घासा, पडदा ढिम्म.

या शहराच्या पेनांची खरी ख्याती नेमकी याच्या उलट आहे. बेगम बाजारापासून जवळच, आबिड्सला, 1928 पासून डेक्कन पेन स्टोअर्स आहे. तिथली नावाजलेली पेनं एबोनाइटची, हाताने कातलेली. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. तिकडे गोदावरीकाठी राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वदेशी पेन घडवलं. ते गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या हातून गांधीजींकडे पोचलं आणि जुलै 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून त्याची वाखाणणी केली. त्याच सुमाराला, 1931 मध्ये, मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली होती. त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. म्हणजे तेलुगू मुलखातलं पेन आणि मराठी माणसाची शाई एकाच दशकातली. एबोनाइट हाताला उबदार लागतं, घामाने निसटत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. पण शाळेच्या प्रयोगशाळेत लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलणारी कांडी याचीच असते. ते वीज वाहू देत नाही. असल्या पेनाला काच चालवायला लावायची तर गोळीपासून बोटापर्यंत धातूचं कडं किंवा पट्टी न्यावी लागेल. हैदराबादच्या एखाद्या कारागिराने हे करून दाखवावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या मुलखाला कोरड्या टोकाने लिहिणं नवं नाही. तेलुगू लेखक शतकानुशतकं गंटम या लोखंडी लेखणीने ताडपत्रावर अक्षरं कोरत आणि मग त्यावर काजळी चोळत. तेलुगू अक्षरं गोल वळणाची झाली ती सरळ रेघेने पान फाटू नये म्हणून, असं सर्वसाधारणपणे मानतात. आपल्याकडे कागद, बोरू आणि दौत; मोडीचा हात बोरू न उचलता पळणारा. हैदराबाद या दोन्ही सवयींच्या सीमेवरचं शहर. केशवराव कोरटकरांच्या पिढीने 1907 मध्ये जांबागेत विवेक वर्धिनी ही शाळा काढली, तिथे मराठी मुलं पाटीवर, मग टाकाने अक्षर गिरवत मोठी झाली. मी लिहिणाऱ्यांच्या बाजूचा, त्यामुळे पेन हातात आलं की शाईचं टोक आधी तपासतो.

आणि तिथेच ही दोन टोकांची पेनं फसतात. पाच कामं करणाऱ्या पेनात आत बारकी, 67 मिलिमीटरची रिफिल असते. ती लवकर संपते आणि तिच्यात शाईची निवडही थोडी. ज्यात पार्कर पद्धतीची 98 मिलिमीटरची जाड रिफिल बसते तेच घ्यावं. मग कुठल्याही गावात हवी ती शाई मिळते. दुसरी गोष्ट, खटका. गोळी मागच्या टोकाला आणि खटकाही तोच असेल, तर काचेवर दाबलं की पुढून रिफिल बाहेर येते. म्हणून पिळून उघडणारं पेन बरं. त्याची कमर धरून अर्धा वळसा दिला की टोक बाहेर, उलटा दिला की आत. गोळी मात्र जागची हलत नाही. तिसरी, गोळी. साधं रबर हाताच्या तेलाने चिकट होतं, धूळ धरतं, काचेवर अडखळतं आणि शेवटी फाटतं. चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यांची विणलेली जाळी घसरते छान आणि टिकतेही. ती फिरकीने निघते का, तेवढं बघून घ्यावं.

दुकानात उभं राहून मी आधी कागदावर "श्री" लिहितो, मग पेन उलटं करून तेच फोनवर. गूगलने 2015 मध्ये हस्ताक्षर ओळखणारं साधन आणलं, 82 भाषा आणि 20 लिप्यांचं. त्यात देवनागरी आहे. शिरोरेघ सुरेख ओढली जाते. अडचण होते ती मात्रा-अनुस्वाराची. गोळी इतकी जाड, की जिथे टिंब द्यायचं ती जागाच तिच्याखाली झाकली जाते. मोठं लिहिलं, अक्षराला जवळजवळ निम्मा पडदा दिला, तर अक्षर ओळखलं जातं. सूक्ष्म कामाला सॅमसंगचं 2011 पासूनचं एस पेन किंवा अॅपलची 2015 ची पेन्सिल. पहिलं पडद्याखालच्या वेगळ्या जाळीतून वीज घेतं, दुसरीच्या पोटात बॅटरी असते. दोन्ही ठरावीक यंत्रांवरच चालतात. पितळी पेनाची साधी गोळी मात्र समोर कोणाचाही फोन येवो, चालते. बाजारातल्या माणसाला तेच हवं.

राहिला तोल. पितळ जड असतं, आणि मागे गोळीची टोपी आली की वजन अंगठ्याच्या मागे सरकतं; दोन पानं लिहिली की मनगट दुखतं. पेन तर्जनीवर आडवं ठेवून बघावं. मध्याच्या थोडं पुढे, शाईच्या बाजूला तोललं, तर ते लिहिण्यासाठी घडवलेलं आहे. डझनाचं खोकं उघडून त्यातलं एक असं तोलायला मागितलं, तर बेगम बाजारातला दुकानदार खुशीने देतो. जादा गोळ्यांची पुडी त्याच वेळी मागून घ्यावी, आणि 98 मिलिमीटरच्या दोन रिफिलही.