जुन्या सायकलचे कोळपे

पाऊस उघडून वाफसा आला की भुईमुगात आणि सोयाबीनमध्ये तण पिकाच्या पुढे धावते. जुन्नर-आंबेगावात बैल आजही जिवापाड जपले जातात, पण अनेक दावणींना आता शर्यतीचेच बैल आहेत आणि त्यांना कोळप्याला कोणी जुंपत नाही. ट्रॅक्टर उभ्या पिकात घालता येत नाही. राहते ते खुरपे. दिवसभर उकिडवे बसून ते चालवणाऱ्या बाया संध्याकाळी गुडघ्यावर हात टेकून उठतात. माळ्यावर गंजत पडलेली सायकल खाली काढावी, ती त्यांच्यासाठी.

ही कल्पना नवी नाही. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलपासून केलेले ‘कृषिराजा’ कोळपे राज्यात माहीत आहे. पुढे दिलेली पद्धत मात्र घरी, हॅक्सॉ आणि पान्यांवर जमेल अशी आहे.

जुनी २८ इंची, डबल नळीची नसलेली साधी सायकल घ्या. चेन, पायडल, सीट, मडगार्ड, मागचे चाक उतरवा. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या चार बारीक नळ्या सीटच्या उभ्या नळीजवळ कापा. कापलेली तोंडे कानशीने घासा, नाहीतर पहिल्याच फेरात पोटरी फाटते. उरतो तो पुढचा त्रिकोण, चिमटा आणि चाक. पुढच्या हबातले छर्रे काढून धुवा आणि ग्रीस भरा. टायर ठेवणार असाल तर आत हवेऐवजी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कोंबा, कारण बांधावरच्या बाभळीचा काटा कुणाला सोडत नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम. सायकलचा चिमटा वळतो, कोळप्याचा वळता कामा नये. ओळीत चालताना चाक जरा तिरके झाले की पास, म्हणजे कोळप्याचे आडवे पाते, थेट रोपांवर जाते. म्हणून चिमटा आणि खालची तिरपी नळी यांना लोखंडी पट्टीने क्लॅम्प लावून घट्ट जखडा. वेल्डिंगचा मोह आवरा. माझ्या पहिल्या सायकलच्या नळीला जाड रॉडने क्षणात जळून भोक पडले होते. सायकलची नळी फारच पातळ असते. वेल्डिंग करायचेच असेल तर बारीक रॉड वापरा आणि रंग, कल्हई आधी खरवडून काढा, त्यांचा धूर छातीत जाऊ देऊ नका.

पायडलची धुरी जिथून जायची, त्या आडव्या नळीतून लांब बोल्ट घाला. त्याच्या दोन्ही अंगांना फूटभर लांबीच्या जाड पट्ट्या लोंबतात आणि त्यांच्या खालच्या टोकांना पास आडवी बसते. पास गाडीच्या जुन्या पाट्याच्या पोलादाची लोहाराकडून करून घ्या. १ फूट ओळींच्या भुईमुगाला ७ इंच पुरते, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच जागा राहते. दीड फुटाच्या सोयाबीनला ९ इंच घ्या. कांद्याच्या ६ इंची ओळीत मात्र हे चालत नाही, तिथे खुरपेच.

पट्ट्यांपासून तिरप्या नळीपर्यंत चार-पाच भोकांची आडपट्टी लावा. या भोकांवर सगळा खेळ आहे. पासेची धार पुढे आणि खाली, मागची कड अर्धे बोट वर, असा कोन हवा. कड जास्त उचलली की पास जमिनीत घुसून हाताला धक्के देते, सपाट केली की तणावरून घसरत जाते. घराच्या अंगणात हा कोन कळत नाही. शेतात एका ओळीत दहा पावले ढकला, थांबा, वाका आणि बघा: माती साधारण इंचभर सुटलेली हवी आणि तण मुळातून कापलेले हवे. नसेल तर एक भोक पुढे-मागे करा. मला तीन ओळी लागल्या.

हँडल जुन्या जागी ठेवू नका. सीटच्या नळीला पाऊण इंची दोन पाइप क्लॅम्पने बांधा आणि मूठ कमरेइतकी, पासेच्या दोन-अडीच फूट मागे येऊ द्या. जोर तिरका लागला तरच पास पुढे सरकते. हँडल दाबले की खोली वाढते, उचलले की कमी होते. चालवणारीची उंची मोजूनच पाइप कापा. घरातल्या उंच पुरुषाच्या मापाने केलेले कोळपे बाईच्या खांद्याला जड जाते.

पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी पहिली कोळपणी, आणखी पंधरवड्याने दुसरी. भुईमुगाला आऱ्या सुटल्या की कोळपे बाहेर काढा, नाहीतर शेंग धरण्याआधीच त्या तुटतात. लव्हाळा आणि हरळीपुढे हे कमी पडते, त्यांच्या गाठी आणि काशा मातीत खाली असतात. बाकी कोवळ्या तणासाठी सकाळी लवकर लागा. स्वच्छ ऊन असेल तर दुपारच्या भाकरीपर्यंत मागच्या ओळीतले गवत मुळे वर करून कोमेजलेले दिसते.