गुडघ्याचा हिशेब

२७ नोव्हेंबर २०२१. कार्तिकी वारीसाठी खालापूरकडची दिंडी जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने आळंदीला निघाली होती. मावळात, साते गावाजवळ भरधाव पिकअप दिंडीत घुसला. काही वारकरी महिला दगावल्या, तीसच्या आसपास जण जखमी झाले. अशा बातम्या मृतांच्या आकड्यावर थांबतात. जखमींची फरफट त्यानंतर सुरू होते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पायी चालायला बंदी आहे. त्यामुळे मावळातला चालणारा माणूस जुन्या रस्त्यावरच असतो. लोणावळ्याच्या बाजारात, कार्ला फाट्यावर, कामशेतला, वडगावला. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या त्याच रस्त्याने धावतात. धडक बसली की गाडीवाला दवाखान्यात येतो, हातात पाच-दहा हजार ठेवतो आणि म्हणतो, "मावशी, पोलिसांत कशाला जाता? मिटवून टाकू." घरची माणसं भिडस्त असतात, दारात बिल उभं असतं. तडजोडीच्या कागदावर सही होते. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान धडकेनंतर, या सहीने होतं.

खरं तर भरपाई बहुतेक वेळा गाडीवाल्याच्या खिशातून जातच नाही. थर्ड पार्टी विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे आणि पैसे विमा कंपनी देते. त्यासाठी गुन्हा नोंदलेला हवा, पंचनामा हवा, दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण अशी नोंद, झालेली हवी. औषधाची पावती आणि रिक्षाची चिठ्ठीसुद्धा पिशवीत जपून ठेवा. गाडी मुंबईची असली तरी मुंबईला खेपा घालायची गरज नाही. अपघात झाला तिथल्या किंवा जखमी राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका.

चूक कुणाची हे सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. मात्र विमा कंपनीने तडजोडीत देऊ केलेली ही रक्कम स्वीकारली, की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला पन्नास हजार आणि मृताच्या वारसांना दोन लाख मिळतात. त्याची चौकशी प्रांत किंवा तहसीलदार करतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात.

आता शीर्षकातल्या गुडघ्याकडे येऊ. डॉक्टर दाखल्यावर अपंगत्वाचा टक्का लिहितात आणि लोकांना वाटतं, तोच भरपाईचा टक्का. तसं नाही. 'राजकुमार विरुद्ध अजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, की शरीराचा टक्का वेगळा आणि कमाईचा वेगळा. डावा हात गेलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. त्याच दुखापतीचा सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो.

हाच हिशेब मावळात लावून बघा. आषाढात इंद्रायणी भाताची लावणी करणारी बाई गुडघाभर चिखलात दिवसभर ओणवी असते, पाय मागे टाकत सरकते. तिचा गुडघा पुरता वाकत नसेल, तर दाखल्यावर वीस टक्के दिसतील, पण लावणीची मजुरी सगळीच गेलेली असेल. ती काय काम करायची, किती मजुरी मिळायची, हे न्यायाधिकरणापुढे कुणीतरी सांगावं लागतं. जिच्या खाचरात ती लावणीला जायची, ती शेतकरीण याची चांगली साक्षीदार ठरते.