गोटी आणि उतरण

आंब्याच्या फांदीवरून कैरी सुटते आणि पाहणाऱ्याची मान वर होण्यापूर्वीच ती जमिनीवर आदळते. ५ मीटर उंचीवरून खाली येण्यास तिला जेमतेम १ सेकंद लागतो. त्यातील पहिल्या अर्ध्या सेकंदात ती सुमारे सव्वा मीटर उतरते व उरलेल्या अर्ध्या सेकंदात पावणेचार मीटर. म्हणजे तिचा वेग वाटेत सारखा वाढत असतो. पण ही वाढ डोळ्यांना दिसत नाही, आणि घड्याळ हाती घेऊन बसणाऱ्यासही ती सहजासहजी सापडत नाही.

कापलेल्या अंतरास लागलेल्या वेळाने भागले असता जो आकडा येतो, तो सरासरी वेग होय. हा काढणे सोपे असते. वेग ज्या प्रमाणात दर सेकंदास वाढतो, त्या प्रमाणास त्वरण म्हणतात. ते काढावयाचे तर वाटेतल्या निरनिराळ्या ठिकाणी वेग किती होता हे कळले पाहिजे; आणि खरी अडचण तेथेच आहे.

ही अडचण गॅलिलिओ याने मोठ्या युक्तीने दूर केली. १५६४ साली इटलीत जन्मलेल्या या शास्त्रज्ञाजवळ सेकंद दाखविणारे घड्याळ नव्हते. आपल्याकडे पूर्वी लग्नघटिका मोजण्यासाठी घटिकापात्र वापरीत. तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली असे समजावयाचे. मुहूर्त गाठण्यास ते साधन उत्तम होते. पण पडत्या वस्तूच्या मागे धावण्यास ते काय कामाचे? गॅलिलिओने पाहिले की, घड्याळ जलद करता येत नसेल, तर पडणेच मंद करावे. वस्तू सरळ खाली न सोडता त्याने ती उतरणीवरून घरंगळत सोडली.

त्याची फळी सुमारे ७ मीटर लांब होती. तिच्या कडेवर बोटाहून किंचित रुंद अशी सरळ खोबण कोरून तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र चिकटविले होते. फळीचे एक टोक उचलून त्या खोबणीतून तो ब्राँझचा वाटोळा गोळा सोडी. वेळ मोजण्यासाठी त्याने पाण्याने भरलेले मोठे भांडे उंचावर ठेवले होते व त्याच्या तळाशी बारीक नळी बसविली होती. गोळा सुटल्यापासून तो खाली पोहोचेपर्यंत नळीतून जेवढे पाणी पेल्यात पडे, तेवढे तो नाजूक तराजूत तोलून पाही. पाण्याचे वजन हेच त्याचे वेळेचे माप. पूर्ण लांबीच्या चौथ्या हिश्श्यातून गोळा सोडला, तर वेळ बरोबर निम्मा लागे. वेळ दुप्पट तर अंतर चौपट, वेळ तिप्पट तर अंतर नऊपट, असा नियम त्यातून निघाला. नजरकैदेत असलेल्या या वृद्धाचे, दोन नव्या शास्त्रांविषयीचे पुस्तक १६३८ साली हॉलंडमधील लायडेन येथे छापले गेले. आपण हे प्रयोग शंभरदा केले आणि वेळांतील फरक नाडीच्या ठोक्याच्या दशांशाएवढाही पडला नाही, असे त्याने त्यात नमूद केले आहे.

नाडीच्या ठोक्याचा दशांश! हे वाचून पुढील काळात काही विद्वानांच्या मनात शंका उभी राहिली. अलेक्झांडर कोयरे या विज्ञानाच्या इतिहासकाराने १९५३ साली असे मत मांडले की, इतक्या ओबडधोबड साधनांनी एवढी अचूकता येणे शक्य नाही. गॅलिलिओने नियम आधी मनाशी ठरविला असावा. आरोप साधा नव्हे. ज्याने निसर्गाला प्रश्न विचारण्याची रीत जगाला शिकविली, त्यानेच उत्तर घरी बसून लिहिले, असा त्याचा अर्थ होतो.

या वादाचा निकाल युक्तिवादाने लागण्यासारखा नव्हता. थॉमस सेटल नावाच्या एका विद्यार्थ्याने लांब फळी, गोळा आणि तळाशी नळी बसविलेली फुलझाडाची कुंडी एवढेच साहित्य जमविले आणि तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. थोड्या सरावानंतर गॅलिलिओने सांगितलेली अचूकता त्याला खरोखरच मिळाली. त्याचा लेख १९६१ साली प्रसिद्ध झाला. पुढे स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाने फ्लॉरेन्समध्ये जतन केलेल्या गॅलिलिओच्या हस्तलिखितांतील एका पानाकडे लक्ष वेधले. त्यावर गोळ्याची अंतरे ओळीने लिहिलेली आहेत : ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४. यांना ३३ ने भागून पाहावे. उत्तरे १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४ यांच्या अगदी जवळ येतात; पण तंतोतंत जुळत नाहीत. मनाने रचलेले आकडे असते तर ते बिनचूक जुळले असते. थोडेसे चुकलेले असल्यामुळेच ते मोजलेले वाटतात. गॅलिलिओचा पिता वादक होता व तो स्वतः ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजवी. तेव्हा त्याने तालाच्या आधाराने समान काळ मोजला असावा, असा ड्रेकचा तर्क आहे. तबल्याच्या साथीला बसणाऱ्यास त्यात नवल वाटू नये. ठेक्यातील लहानशी चूकही कानाला तत्काळ खटकते.

शाळेतही हा प्रयोग करता येतो. २ मीटर लांबीची सपाट फळी घेऊन तिचे एक टोक ७ सेंटिमीटर उचलावे. गोटी बाजूला जाऊ नये म्हणून दोन्ही अंगांस पट्ट्या सैलशा लावाव्यात. गोटी ढकलू नये. पट्टीने अडवून धरावी व पट्टी पुढच्या बाजूस झटकन उचलावी. अर्धा मीटर जाण्यास गोटीस सुमारे २ सेकंद लागतील, आणि पूर्ण २ मीटर जाण्यास सुमारे ४. पाहणाऱ्याचा हात घड्याळाची कळ दाबण्यास सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी उशीर लावू शकतो. चार सेकंदांत तो खपून जातो. दीड मीटरवरून सरळ पडणाऱ्या गोटीस अवघे ०.५५ सेकंद लागतात, तेथे तेवढ्याच चुकीने सर्व गणित बिघडते. म्हणून प्रत्येक वेळ निदान पाचदा मोजून सरासरी घ्यावी.

त्वरण काढताना विद्यार्थी एक चूक हमखास करतात. २ मीटरला ४ सेकंद, म्हणून वेग ०.५ मीटर, आणि त्यास पुन्हा ४ ने भागून त्वरण ०.१२५. परंतु ०.५ हा सरासरी वेग झाला. गोटी शून्यापासून निघाली व तिचा वेग एकसारखा वाढला. तेव्हा शेवटचा वेग सरासरीच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला १ मीटर असला पाहिजे. हा १ मीटरचा वेग ४ सेकंदांत आला, यास्तव त्वरण दर सेकंदास ०.२५ मीटर प्रतिसेकंद.

आता पुस्तकाशी ताडून पाहण्याची वेळ येते. गुरुत्वत्वरण ९.८, फळीचा चढ २ मीटरला ७ सेंटिमीटर, म्हणजे ०.०३५, दोहोंचा गुणाकार ०.३४. हाती आले ०.२५ आणि पुस्तक म्हणते ०.३४! येथे पुष्कळ मुले खोडरबर हाती घेतात, वेळेचे आकडे थोडे कमी करतात आणि वही शिक्षकांपुढे ठेवतात. काही शिक्षकही ‘शाबास’ म्हणून सही करतात. वास्तविक ०.२५ हेच उत्तर बरोबर आहे. ०.३४ हे घर्षणाशिवाय घसरत जाणाऱ्या वस्तूचे त्वरण होय. गोटी घसरत नाही, ती घरंगळते. उतरणीवरून मिळणाऱ्या शक्तीतील काही भाग तिला स्वतःभोवती फिरण्यात खर्च करावा लागतो, आणि भरीव गोटीस पुढे जाण्यासाठी सात भागांपैकी पाचच भाग उरतात. ०.३४ चे पाच सप्तमांश केले की ०.२४५ येतात. ही गोष्ट खुद्द गॅलिलिओस ठाऊक नव्हती. खोडरबराने पुसले गेले ते नेमके हेच.

ज्याला याची खात्री करून घ्यावयाची असेल त्याने त्याच फळीवरून दोन्ही तोंडे उघडी असलेली पातळ नळीचा तुकडा सोडावा. तिचे सर्व वजन कडेला असल्याने फिरण्यातच तिची निम्मी शक्ती जाते. गोटी जेथे ४ सेकंदांत पोहोचते, तेथे नळीस सुमारे ४.८ सेकंद लागतात. दोन्ही एकदम सोडल्यास घड्याळाचीही गरज पडत नाही. गोटी फळीच्या टोकाशी पोहोचते तेव्हा नळी जवळजवळ ६० सेंटिमीटर मागे असते.